विणणाऱ्या हातांचा हिशेब

‘विणकाम वगैरे करता का मॅडम? मग ते आता बंद करायचं.’

आमच्यापैकी एकीच्या दोन्ही हातांचे क्ष-किरण फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहताना डॉक्टरांनी हे वाक्य उच्चारले, त्याला आता चार वर्षे होतील. वाक्य अनपेक्षित नव्हते. त्यामागे वाईट हेतूही नव्हता. परंतु दवाखान्यातून परतताना रिक्षात बसल्यावर आम्हां दोघींच्या एकाच वेळी लक्षात आले, की डॉक्टरांनी विणकामाखेरीज आणखी काहीच बंद करायला सांगितलेले नाही. रोज किती पोळ्या लाटता, कणीक कोण मळते, ओल्या चादरी कोण पिळते, फळ्यावर किती तास लिहिता, परीक्षांच्या हंगामात किती उत्तरपत्रिका तपासता, यांपैकी एकही प्रश्न त्या खोलीत निघाला नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हीही तो काढला नाही. ‘विणकाम’ हा शब्द सापडला, आरोपी मिळाला, खटला निकालात निघाला.

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. चाळिशी उलटून दोघींनाही काही वर्षे झाली. दोघी विणतो, एक लहानपणी आईकडून शिकली, दुसरी लग्नानंतर सासूबाईंकडून. आज एकीला हात कमी पडतात आणि दुसरीला वेळ. पहिलीला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, ज्याला आपल्याकडे सरसकट आमवात म्हटले जाते. दुसरीचे हात शाबूत आहेत, पण घरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या त्याच सासूबाई आहेत. लेख दोघींनी मिळून लिहिला आहे, म्हणून ‘आम्ही’. जिथे आमचे पटत नाही तिथे तसे स्पष्ट सांगू. कारण या विषयावर आमचे बरेच दिवस पटत नव्हते.

आधी ‘छंद’ या शब्दाकडे पाहू. तो आमच्या धंद्याचा भाग आहे. मराठीत छंद हा कधीच पूर्णपणे निरुपद्रवी शब्द नव्हता. ‘छंद लागला’ असे म्हणताना त्यात नाद, खोड, वेड यांची छटा असते. ‘छंदीफंदी’ हे विशेषण तर कोणी स्वतःला लावून घेणार नाही. बायोडेटातल्या ‘आवडी व छंद’ या रकान्याने त्या शब्दाला सोवळे केले. पण मूळचा संशय गेलेला नाही. पुरुषाच्या छंदाकडे कौतुकमिश्रित सहनशीलतेने पाहिले जाते. बाईच्या छंदाला मात्र ओळखपत्र दाखवावे लागते: कोणासाठी आहे, काय उपयोग आहे, घरचे सगळे आटोपले का?

विणकामाला हे ओळखपत्र फार पूर्वीच मिळाले होते, आणि म्हणूनच ते इतके रुजले असावे. एरवी महाराष्ट्रासारख्या उष्ण मुलखात लोकरीच्या सुयांचे काम काय? थंडी पडते ती नाशिक-पुण्याकडे दोन महिने; मुंबई-कोकणात स्वेटर ट्रंकेतच म्हातारा होतो. तरीही आमच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आमच्या ओळखीच्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत सुयांची एक तरी जोडी असे, आणि मासिकांत नमुने छापून येत. याचे मुख्य कारण बाळंतविडा. टोपडी, झबली, दुपटी यांच्याबरोबर लोकरीचा एक स्वेटर, टोपरे आणि बोटभर मोजे हवेतच. मग बाळ भर वैशाखात का जन्मेना. बाळंतविडा झाला की नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर, मग दिल्लीला बदली झालेला दीर, पुढे अमेरिकेत गेलेली भाची. विणणारी स्वतःसाठी विणते आहे असे आम्ही आमच्या आयांच्या पिढीत एकदाही पाहिले नाही. लोकलच्या बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाई आणि विणकामही होई. दोन्हींचे समर्थन एकच होते, की वेळ फुकट जात नाही.

तयार स्वेटर स्वस्त झाले आणि हे ओळखपत्र कालबाह्य ठरले. आज तुळशीबागेत जाऊन लोकर विकत घेण्यास जो खर्च येतो, त्यात एखादा बरा स्वेटर विकतच मिळतो. म्हणजे विणकाम आता खऱ्या अर्थाने निरुपयोगी झाले आहे. आमच्या मते त्यामुळेच त्याबद्दल नीट बोलणे प्रथमच शक्य झाले आहे.

निरुपयोगी असूनही त्यात आहे तरी काय? आम्हांला वाटते, छंद या शब्दाचा दुसरा अर्थ इथे उपयोगी पडावा. वर्गात ‘यमाताराजभानसलगं’ पाठ करून घेताना मुलांचे चेहरे पडतात; पण विणकामाचा नमुना कागदावर उतरवला की तो लगावलीसारखाच दिसतो. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट. एका टाक्याची चूक झाली की पुढचा सगळा चरण अडखळतो, आणि ती चूक डोळ्यांआधी बोटांना कळते. वृत्त अंगवळणी पडल्यावर मात्रा मोजाव्या लागत नाहीत, तसे टाकेही मोजावे लागत नाहीत. मन अर्धे गुंतलेले आणि अर्धे मोकळे अशी ती अवस्था असते. विभागाच्या बैठकीत नॅकच्या फायलींवर चर्चा चालू असताना आम्हांला त्या अवस्थेची फार आठवण येते. (बैठकीत सुया काढण्याचा प्रयोग आम्ही एकदा केला होता. तो पुन्हा केला नाही.)

एक गंमत आणखी. समीक्षेत आम्ही दिवसभर ‘कथेची वीण’, ‘अनुभवाचा पोत’, ‘निवेदनाचे धागे’ असे बोलत असतो. ‘टेक्स्ट’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील विणण्याचे क्रियापद आहे, हे तर आता पदवीच्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु हे सारे विणणे मागावरचे आहे. त्यात उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो आणि तो स्वतःच्याच फाशातून स्वतःला ओवून घेत पुढे जातो. मराठी दोन्हींना ‘विणणे’च म्हणते, बाजही विणली जाते, टोपलीही आणि कोळ्याचे जाळेही. पण फरक मोठा आहे. मागावरच्या कापडाचा एक धागा तुटला तर कापड टिकते. सुईवरचा एक टाका निसटला तर खालपर्यंतची शिडी उसवत जाते, आणि ती क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर चढवत आणावी लागते. आजारी माणसाचा दिवस कोणत्या प्रकारे विणलेला असतो, हे आम्हांला अलीकडे कळू लागले आहे.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे म्हातारपणी गुडघे झिजतात ती संधींची झीज नव्हे. इथे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. बोटांच्या मुळांचे व मधले सांधे, मनगटे आणि पावलांचे छोटे सांधे दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पट अधिक आढळतो, आणि अनेकींना गाठतो तो ऐन कामाच्या वयात. सकाळी हात उघडत नाहीत. तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ बोटे अशी वागतात, की जणू ती दुसऱ्या कोणाची आहेत. आठचे लेक्चर असेल तर सहाला उठून गरम पाण्यात हात धरून बसावे लागते. औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे, मेथोट्रेक्झेट. त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगात जो जडपणा येतो त्याला मराठीत नेमका शब्द आम्हांला सापडलेला नाही. ‘मरगळ’ जवळचा आहे, पण पुरा पडत नाही. ठरावीक काळाने यकृताची आणि रक्ताची तपासणी. चार वर्षांत ही सारी दिनचर्या झाली आहे.

विणकामाने हा आजार होत नाही. हे ठळकपणे सांगणे भाग आहे, कारण नातेवाइकांत आजही ‘फार विणायची ना ती’ असे बोलले जाते. जणू रोग म्हणजे उधळपट्टीची शिक्षा! पोळ्या लाटल्याने हातांचे असे झाले, असे मात्र आमच्या ऐकण्यात अजून आलेले नाही.

म्हणून आम्ही एकदा रीतसर हिशेब मांडला. मध्यम बांध्याच्या बाईचा स्वेटर, आठ नंबरच्या म्हणजे चार मिलिमीटरच्या सुया, दहा सेंटिमीटरला बावीस टाके आणि तीस ओळी. छातीचा घेर नव्वद सेंटिमीटर, उंची पंचावन्न. पुढच्या-मागच्या भागांचे मिळून सुमारे ३२ हजार टाके. दोन बाह्यांचे आणखी १७-१८ हजार. गळ्यासाठी आणि मुंढ्यांसाठी घटवलेले टाके वजा केले तर ४५ ते ५० हजार. आकडा भीतिदायक खराच. आता चार माणसांच्या घरात दोन्ही वेळच्या मिळून सोळा पोळ्या धरा. वर्षाला ५,८४० पोळ्या. एका पोळीला लाटण्याचे दहाच फेरे धरले तरी ५८ हजार. वर्षाला एक स्वेटर विणणारी बाई टाके घालते त्याहून अधिक वेळा लाटणे फिरवते. कणीक मळणे यात धरलेले नाही, आणि मळताना मनगटावर जो भार येतो त्याच्याशी टाक्याच्या हलक्या हालचालीची तुलनाच होत नाही. कॅपमध्ये दिवसाला चाळीस याप्रमाणे पंधरा दिवसांत ज्या सहाशे उत्तरपत्रिका होतात, त्याही वेगळ्या.

हा हिशेब ढोबळ आहे, हे आम्हांला कळते. टाका आणि लाटणे या एकाच जातीच्या हालचाली नव्हेत. पण मुद्दा आकड्यांचा नाहीच. दुखरा हात ही मर्यादित शिल्लक आहे असे एकदा मानले, तर ती कशावर खर्च करायची हा निर्णय कोणीतरी घेतोच. आमच्या घरांत तो निर्णय कोणीही न बोलता घेतलेला असतो: आधी स्वयंपाक, मग नोकरी, मग सणवार, आणि उरलेच तर छंद. बहुधा उरत नाही. वैद्यकीय सल्लाही नकळत याच क्रमाने खालून वर कात्री लावतो. डॉक्टर म्हणतात ‘विश्रांती घ्या’, आणि घरात त्याचे भाषांतर ‘विणू नकोस’ असे होते.

साहित्यात या गोष्टीचा शोध घेताना आम्हांला फारसे काही हाती लागले नाही. विणणारी बाई कादंबऱ्यांत पुष्कळ आहे. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधली (१८५९) मादाम दफार्ज विणकामात मृत्यूची यादी गुंफते, ॲगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलकडे सुया आणि लोकर असतात म्हणूनच तिच्यावर कोणाचा संशय जात नाही. म्हणजे विणणारी एकतर भयंकर तरी, नाहीतर दिसायला निरुपद्रवी तरी. पण विणणे आणि आजारपण यांना एका धाग्यात आणणारी कृती आम्हांला माहीत असलेल्या वाङ्मयात एकच, व्हर्जिनिया वूल्फची ‘टू द लाइटहाउस’ (१९२७). ही कादंबरी आम्ही दोघींनी एम.ए.च्या काळात वाचली तेव्हा तिच्यातला मोजा आमच्या ध्यानातही आला नव्हता. तेव्हा आम्ही संज्ञाप्रवाह शोधत होतो.

मिसेस रॅम्झी दीपगृहाच्या रखवालदाराच्या लहान मुलासाठी तांबूस-तपकिरी मोजा विणत असते. त्या मुलाला खुब्याच्या क्षयाचा धोका आहे. स्वतःच्या मुलाच्या पायाला लावून ती मोज्याची लांबी मापते. मूल चुळबुळ करते, ती रागावते. मोजा आखूड भरतो. दिवस संपतो तेव्हा ती नवऱ्यापाशी कबूल करते, की हा काही आता पुरा व्हायचा नाही. पुढच्या भागात, चौकटी कंसातल्या एका वाक्यात, ती मेलेली असते. मोज्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. मोजा अपुरा राहिला याला वूल्फने शोकांतिका केले नाही आणि विजयही केले नाही, ही या पानांची थोरवी आहे असे आज वाटते. ज्या लेखिकेने आदल्याच वर्षी ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या पंक्तीला आजारपणाला साहित्याने का बसवले नाही असे विचारले होते, तिलाच हे साधावे यात नवल नाही. ती स्वतःही विणत असे. तिची बहीण व्हनेसा बेल हिने १९१२ साली काढलेल्या तिच्या व्यक्तिचित्रात ती आरामखुर्चीत विणकाम घेऊन बसलेली आहे.

आपल्याकडे आजारपण कथा-कादंबऱ्यांत येते ते बहुधा मृत्यूची प्रस्तावना म्हणून. नायिकेला क्षय होतो, पुढे कर्करोग होतो, आणि ती सुंदर रीतीने मरते. ज्या आजाराने माणूस मरत नाही, मस्टरवर सही करतो, डबा भरतो, आणि रात्री बरणीचे झाकण उघडत नाही म्हणून स्वयंपाकघरात रडतो, त्या आजाराला नाट्य कमी म्हणून जागाही कमी. असो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अलीकडे वारे उलट दिशेने वाहू लागले आहेत, आणि त्याबद्दलही आम्हांला तक्रार आहे. विणकाम ही थेरपी आहे, असे आता ऐकू येते. पहिल्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांना रुग्णालयांत विणकाम शिकवले जात असे, त्यामुळे ही कल्पना तशी नवी नाही. २०१३ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’त जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत देशोदेशींच्या ३,५४५ विणणाऱ्यांनी प्रश्नावली भरून दिली होती. जे अधिक वेळा विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. वाचून बरे वाटते. पण ज्यांना विणकाम आवडते तेच ही प्रश्नावली भरणार, आणि ज्यांनी हात दुखतात म्हणून सुया टाकून दिल्या ते तिच्याकडे फिरकणारही नाहीत, हे लक्षात घेतले तर तिच्यावरून फार मोठे इमले बांधता येत नाहीत. आमचा आक्षेप मात्र याहून निराळा आहे. पूर्वी ‘बाळासाठी विणते’ हे ओळखपत्र होते. आता ‘प्रकृतीसाठी विणते’ हे आले. बाईला नुसते आवडते म्हणून विणू देण्याची आपली तयारी दोन्ही वेळा नाही. आणि उद्या एखाद्या पाहणीत विणकामाचा काडीचाही उपयोग नाही असे निष्पन्न झाले, तर?

इथे आमच्या बाजूचे दोषही मांडले पाहिजेत. विणणाऱ्यांत एक हट्ट असतो: ‘ही एवढी ओळ पुरी करते.’ मग दुसरी ओळ. निदान होण्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्यापैकी पहिली भाच्याच्या लग्नापूर्वी स्वेटर संपवायचा म्हणून रात्री पाच-पाच तास बसली, बोटे सुजलेली असताना. पुढचा आठवडाभर तिला खडू धरता येत नव्हता. त्याला निष्ठा म्हणायची आमची तयारी नाही. दुखण्यावर मात करून विणलेल्या शालींच्या ज्या कौतुककथा सांगितल्या जातात, त्या आम्हांला धोकादायक वाटतात. सांधे सुजलेले, गरम असताना त्यांना विश्रांतीच हवी. त्या दिवसांपुरते डॉक्टरांचे वाक्य बरोबरच होते. चूक होती ती ते कायमचे बोलण्यात आणि एकाच गोष्टीबद्दल बोलण्यात.

दुसरीकडे वेगळाच पेच आहे. तिच्या सासूबाईंना पक्षाघात झाला त्याला तीन वर्षे झाली. उजवी बाजू गेली, वाचा बरीचशी परत आली. रात्री दोनदा उठून कूस बदलावी लागते. तिने सुया गुंडाळून माळ्यावर टाकल्या, त्या कोणी सांगितले म्हणून नव्हे. सासूबाईंच्या समोर बसून आपण विणायचे आणि ज्यांनी शिकवले त्यांनी निजून पाहायचे, हे तिला क्रूर वाटले. वर्षभराने सासूबाईंनीच विचारले, ‘अगं, तू हल्ली विणत नाहीस ते?’ तिने काहीतरी सांगितले. ‘मला बघायचंय,’ त्या म्हणाल्या. आता संध्याकाळी अर्धा तास ती त्यांच्या खोलीत विणते आणि त्या पलंगावरून चुका काढतात. त्या चुका बहुतेक वेळा खऱ्याच असतात. एकदा त्यांनी स्वतःचा जुना निळा स्वेटर उसवायला लावला. ‘लोकर चांगली आहे, नुसती पडून आहे.’ पूर्वी घरोघरी होत असे तसे सगळे झाले: स्वेटर उसवला, लडी केल्या, धुऊन वजन बांधून वाळत घातल्या, कुरळा धागा सरळ झाला. गुंडा करायला लडी धरायला दोन हात लागतात. एका बाजूने सासूबाईंचा डावा हात, दुसऱ्या बाजूने खुर्चीची पाठ.

तर आमचे कशावरून पटेना ते सांगायचे राहिले. पहिलीने निदानानंतर दोन वर्षांनी, औषध लागू पडून सूज आटोक्यात आल्यावर, एक स्वेटर सुरू केला. स्वतःसाठी, आयुष्यात पहिल्यांदा, मोरपंखी रंगाचा. (‘तुला कशाला? कुठे जायचंय?’ हा प्रश्न घरात आलाच.) काम फारच संथ चालले. तेव्हा दुसरीने स्नेहापोटी सुचवले, ‘एक बाही मी विणून देते. तुझे हात वाचतील.’ त्यावर पहिली जी चिडली, ती पंधरा दिवस स्टाफरूममध्ये चहाला एकत्र बसली नाही. विणणाऱ्यांना यातली तांत्रिक बाजू कळेल. प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. तोच नमुना, त्याच सुया, तीच लोकर, तरी दुसरीने विणलेली बाही अर्धा इंच मोठी किंवा लहान होते आणि पोतही बदलतो. पण कारण केवळ तांत्रिक नव्हते, हे दोघींना ठाऊक होते. मदत चुकीच्या कामात देऊ केली होती. पहिली शेवटी म्हणाली ते असे: ‘बाही नको. माझे पेपर तपासायला बस माझ्याबरोबर. नाहीतर घरी येऊन कणीक मळून दे. हे एकच काम माझं मला करू दे.’

दुसरीचे म्हणणे त्या वेळी वेगळे होते, आणि ते पूर्णपणे चूक होते असे आम्ही आजही म्हणत नाही. दुसऱ्याला आपल्या कामात हात घालू न देणे हा विणणाऱ्यांचा अहंकार असतो. आजारात माणूस ज्या थोड्या गोष्टी कवटाळून बसतो त्यांपैकी काही सोडून दिल्या तर जगणे सोपे होते. ती स्वतः ते रोज करत होती. तिने काय काय सोडले होते त्याची यादी तिने तेव्हा पहिलीला ऐकवली. ती लांब होती, आणि त्यात पीएच.डी. होती.

यानंतर पहिली एका व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंकडे गेली. त्यांनी औषध दिले नाही. एक कागद दिला आणि आठवडाभर हातांनी जे जे काही करता ते सारे लिहून आणायला सांगितले. यादीत एकतीस कामे भरली. विणकाम तेविसावे होते. बाईंनी पेन्सिलीने पहिल्या फेरीत ज्यांच्यावर काट मारली ती कामे अशी: कपडे पिळणे, कणीक मळणे, भरलेले पातेले एका हाताने उचलणे, ओल्या फडक्याने ओटा घासणे. विणकामापाशी त्यांनी अटी लिहिल्या. वीस मिनिटांचा गजर लावायचा, आणि गजर वाजला की ओळ अर्धी असली तरी ठेवायचे. सरळ लांब सुयांऐवजी वायरने जोडलेल्या गोल सुया घ्यायच्या, म्हणजे विणलेल्या भागाचे वजन मनगटांवर न येता मांडीवर राहते. धातूच्या थंडगार सुयांपेक्षा लाकडाच्या किंवा बांबूच्या बऱ्या. सुती धागा नको, तो ताणत नाही; लोकर ताणते. सकाळी नाही. सुजेच्या दिवशी अजिबात नाही. एवढ्या अटींवर तिने विणले तर आपली हरकत नाही, उलट बोटे हलती राहिलेली बरी, असे त्या म्हणाल्या.

वीस मिनिटांची अट सोपी वाटते; प्रत्यक्षात ती सगळ्यांत जाचक ठरली. ओळ अर्धी टाकून उठणे हे आमच्या साऱ्या संस्कारांविरुद्ध आहे.

काट मारलेली कामे घरात कोणी करायची हा प्रश्न कागदाने सुटत नाही, हे सांगायला नकोच. नवऱ्याने कणीक मळायला घेतली. पहिले तीन महिने पोळ्या चामट होत्या आणि त्याबद्दल घरात जे मौन पाळले गेले ते पाळणे सोपे नव्हते. मुलाने पोळ्या सरळ विकत आणाव्यात असा ठराव मांडला. सासरच्या एका लग्नघरी ‘तिच्याकडे हल्ली तो मळतो म्हणे’ हे वाक्य आमच्या कानांवर आले, तेव्हा आम्ही दोघी शेजारीच बसलो होतो. कॅपमध्ये आता आम्ही दोघी एकाच टेबलावर असतो. गुणांची बेरीज आणि नोंद दुसरी करते, कारण त्या बारीक रकान्यांत आकडे भरताना पहिलीचा अंगठा दुखतो. नियमांत हे कुठे बसते हे आम्ही विचारलेले नाही.

मोरपंखी स्वेटरची पाठ आणि पुढचा भाग झाला आहे. एक बाही झाली. दुसरी मनगटाकडून सुरू केलेली, ती कोपरापर्यंत आली आहे. रोजची वीस मिनिटे, सुजेचे दिवस वगळून, म्हणजे आठवड्याला चार-पाच ओळींच्या पुढे काम सरकत नाही, कधी तेवढेही नाही. मार्चमध्ये परीक्षा सुरू होतील, एप्रिलमध्ये कॅप, आणि तोवर पुण्यात पंखे लागलेले असतील. सासूबाईंना परवा व्हॉट्सॲपवर फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि डाव्या हाताने पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘इथे एक उलट राहिलाय.’

राहिला आहे खरा, अकरा ओळी खाली. उसवायचा की नाही, यावर अजून एकमत झालेले नाही.